खारपाणपट्ट्यात जुनी ॲम्बेसेडर दर मेमध्ये का तापते: रेडिएटर बदलण्याआधी आणि बदलताना

तक्रार ठरलेली असते. मार्चपर्यंत गाडीचं काही म्हणणं नसतं. एप्रिल लागला की काटा वर सरकू लागतो आणि मेमध्ये वरातीत नाहीतर दर्यापूर-अकोट रस्त्यावर ट्रॅक्टरमागे अडकली की गाडी पाणी फेकते. मालक रेडिएटरवाल्याकडे जातो. तो म्हणतो, "भाऊ, जाळी गेली." नवी जाळी, म्हणजे रेडिएटरच्या मधला नळ्यांचा भाग, बसते, बहुधा दोन लाइनच्या (नळ्यांच्या ओळींच्या) जागी तीन लाइनची, आणि पहिला उन्हाळा छान जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात कुरबुर सुरू होते, तिसऱ्यात पुन्हा तीच उकळी. मग चार लाइनची जाळी, मग ॲल्युमिनिअमचा रेडिएटर, मग इलेक्ट्रिक पंखा. पैसे जात राहतात आणि गाडी तापत राहते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे, हे दुखणं रेडिएटरचं कमी आणि पाण्याचं जास्त आहे. रेडिएटर मोठा करायला हरकत नाही, माझ्या गाडीलाही तीन लाइनची जाळी आहे. पण ब्लॉक धुतल्याशिवाय आणि घालायचं पाणी बदलल्याशिवाय केलेला खर्च दोन उन्हाळ्यांपलीकडे टिकत नाही. पट्ट्याबाहेर, यवतमाळ-वर्ध्याकडे काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी खारं नसलं तरी जड असतं, त्यामुळे तिथेही यातलं बरंचसं लागू पडतं.

खालचं सगळं १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनाची ॲम्बेसेडर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पद्मिनी आणि जुन्या महिंद्रा जीपवाल्यांनाही क्रम हाच, फक्त पद्मिनीचं हेड ॲल्युमिनिअमचं आहे, त्यामुळे तिथे खारं पाणी आणि ॲसिड या दोन्हींना जास्त जपावं लागतं.

रस्त्यात उकळली तर

गाडी सावलीला लावा, बोनेट उघडा, पण रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. दाबाखालचं पाणी टोपी सैल होताच भसकन वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास तरी थांबा. वरचा होज पाइप फडक्याने धरून दाबून बघा. तो मऊ लागला की जाड फडकं टाकून टोपी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. इंजिन पुरतं निवल्यावर ते चालू करून बारीक धारेने पाणी घाला. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलं की हेडला तडा जातो. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं आहे, चांगलं हेड मिळवायला आता भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. वाटेत नाइलाजाने बोअरचं पाणी घातलं असेल तर घरी आल्यावर ते काढून टाका, "राहू दे, चालतंय" म्हणू नका.

गाडी नेमकी कधी तापते

गॅरेजला जाण्याआधी हे स्वतः पाहून ठेवा, निम्मं निदान इथेच होतं. गाडी वरातीत, रेल्वे फाटकावर, बाजाराच्या गर्दीत तापत असेल आणि ६०-७०च्या वेगाने पळाल्यावर काटा खाली येत असेल, तर दोष हवेचा आहे. पंखा, बेल्ट, जाळीत अडकलेला कचरा, पंख्याभोवती नसलेलं कव्हर, यांपैकी काहीतरी. उलट गावात ठीक असते पण हायवेवर अर्ध्या तासाने काटा चढू लागतो, तर दोष पाणी फिरण्याचा आहे: बुजलेल्या नळ्या, ब्लॉकमधला क्षार, झिजलेला वॉटर पंप किंवा खालचा होज पाइप. हा खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो जुना, मऊ झाला असेल आणि आत स्प्रिंग नसेल, तर वेग वाढला की आतल्या आत चपटतो. गाडी उभी करून पाहिलं तर पुन्हा गोल दिसतो, म्हणून सापडत नाही. बोनेट उघडं ठेवून कोणाला तरी रेस द्यायला सांगा आणि पाइपाकडे बघत राहा.

दोन्हीकडे तापत असेल तर दोन्ही दोष आहेत, किंवा तिसरंच काही आहे. त्यावर पुढे येतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर एकट्यावर विसंबू नका. हजार-दीड हजारात उष्णता मोजायची इन्फ्रारेड गन मिळते, ती घ्या. कोरोनाच्या काळात घरात आलेली कपाळावर धरायची गन इथे चालणार नाही, ती तापापुरतीच मोजते. आणखी एक गोष्ट: चकचकीत पितळेवर गन धरली तर आकडा खूप कमी दाखवते. वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. वरची टाकी ९५ आणि खालची ८७-८८ दाखवत असेल तर पाणी फिरतंय, पण हवा उष्णता उचलत नाही. वरची ९५ आणि खालची ६५ असेल तर पाणी अडखळतंय. मग जाळीवरून गन आडवी-उभी फिरवा. मधेच जो पट्टा थंड लागेल, तिथल्या नळ्या बुजल्या आहेत असं समजा.

ब्लॉकमध्ये काय असतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि गॅरेजात बहुतेक वेळा टाळला जातो तोही हाच.

रेडिएटर रिकामा करायला खालचा कॉक उघडला की पाणी पडतं आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं. पण ब्लॉकचा वेगळा कॉक आहे, इंजिनाच्या मागच्या अंगाला. वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावलेला नसतो. माझ्या गाडीचा तो कॉक पाना लावून पूर्ण काढला, तर एक थेंबही आला नाही. आत पाणी होतं, पण भोक बंद होतं. सायकलचा स्पोक घालून टोचत गेलो. आधी कोरडी भुकटी निघाली, मग तपकिरी लगदा, आणि त्याच्यामागून पिवळट कपच्या. नखाएवढी एक कपची मोडून पाहिली: बाहेरून गंजाचा लाल थर, आत पांढरा, आणि पांढरा लालपेक्षा जाड. तिच्यावर लिंबू पिळलं तर फेस आला. म्हणजे चुन्याचाच क्षार. बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबात जो थर धरतो, तोच.

हा थर कुठून येतो ते नीट लक्षात घ्या, कारण दुखणं उलटतं ते याच वाटेने. गाडी उकळली की वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार जात नाही, मागे राहतो. आपण वरून पुन्हा पाणी घालतो, त्यासोबत नवा क्षार आत जातो. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, २००० असेल तर लिटरमागे २ ग्रॅम क्षार. उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज अर्धा लिटर भर घातली की १०० ग्रॅम आत गेले. पाणी जिथे सगळ्यात जास्त तापतं, तिथे म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर आणि हेडच्या वाटांमध्ये, चुना धरतो. तो बिडापेक्षा वीसेक पट कमी उष्णता जाऊ देतो. इंजिन तापलेलंच राहतं, आणखी वाफ होते, आणखी भर घालावी लागते. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात मिठाचा अंशही मोठा, तो लोखंड खातो आणि गंजाचा गाळ तयार करतो. हा गाळ पाण्याबरोबर फिरून मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो, कारण तिथे प्रवाह मंद असतो. तापमानाचा सेन्सर पुढे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) बाजूला असतो. म्हणून मागचं सिलिंडर होरपळत असतानाही काटा शांत दिसू शकतो.

आता नवी जाळी बसवली की काय होतं? स्वच्छ नळ्यांतून पाणी जोरात फिरतं, ब्लॉकमधला सुटा गाळ हलतो आणि थेट त्या नव्या नळ्यांमध्ये जाऊन अडकतो. दोन उन्हाळ्यांनी रेडिएटरवाला पुन्हा म्हणतो, "भाऊ, जाळी गेली." त्याचं बोलणं खोटं नसतं. जाळी खरंच गेलेली असते, पण तिला घालवणारा ब्लॉकमध्ये बसलेला आहे.

ब्लॉक धुण्याची पद्धत

हे काम जुना रेडिएटर लागलेला असतानाच करा, नवा बसवल्यावर नाही. थर्मोस्टॅट काढून ठेवा. आधी दोन्ही कॉक मोकळे करा. ब्लॉकचा कॉक पूर्ण काढून तारेने आत सगळीकडे टोचा. गाळ फार घट्ट असेल तर ब्लॉकच्या बाजूचे गोल वेल्श प्लग (पत्र्याची बुचं) काढावे लागतात. ते स्वस्त असतात, नवे आधीच आणून ठेवा. त्या भोकांतून वाकवलेली तार मागच्या सिलिंडरपर्यंत पोचते. मग थर्मोस्टॅटच्या तोंडातून जोरात पाणी सोडा, ते कॉकच्या भोकातून बाहेर येऊ द्या. धुलाई सेंटरचा किंवा फवारणीचा एचटीपी (जोराच्या धारेचा) पंप इथे उत्तम काम देतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका.

सुटा गाळ गेला, आता चिकटलेला चुना. त्यासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत. चांगल्या पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम विरघळवून भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि अर्धा-पाऊण तास मध्यम रेसवर ठेवा. मग निवल्यावर काढून टाका. पाणी गढूळ, तपकिरी येईल. दुसऱ्यांदा करा, गरज वाटली तर तिसऱ्यांदा. शेवटी लिटरमागे दोन चमचे धुण्याचा सोडा घातलेलं पाणी थोडा वेळ फिरवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि साध्या पाण्याने भरपूर खळबळून घ्या. रात्रभर ॲसिड आत ठेवू नका. संडास धुवायचं ॲसिड कोणी सुचवलं तर साफ नकार द्या. ते चुन्याबरोबर पितळ, कथलाचे जोड आणि ॲल्युमिनिअमही खातं, आणि गाडी आठवड्याने चार ठिकाणी गळू लागते.

एक सूचना करून ठेवतो. कधीकधी क्षारानेच एखादं गंजलेलं भोक बुजवलेलं असतं. धुतल्यावर वेल्श प्लग किंवा पंपाजवळ गळती दिसली तर घाबरू नका, धुण्याला दोष देऊ नका. ती गळती होतीच, आता दिसली एवढंच.

धुतल्यावर पहिले काही आठवडे वरच्या होज पाइपाच्या रेडिएटरकडच्या तोंडात जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा पिशवीसारखा घालून क्लिपखाली दाबून ठेवा. दर आठवड्याला काढून बघा. उरलेल्या कपच्या तिथे अडकतात. पायमोजा स्वच्छ निघू लागला की काढून टाका, विसरून आत राहू देऊ नका.

ज्यांचा दोष रेडिएटरवर येतो

काही गोष्टी रेडिएटरशी संबंध नसताना गाडी तापवतात. इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता एक्झॉस्टच्या वाटांमधून हेडच्या पाण्यात जाते. पॉइंट झिजले, डिस्ट्रीब्युटरचा व्हॅक्यूमचा पडदा फाटला, तरी तेच. पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे, आधी ती करा.

दुसरं, हेड गॅसकेट. थंड इंजिनात टोपी काढून फॅन बेल्ट उतरवा, इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सतत बुडबुडे येत असतील किंवा इंजिन गरम व्हायच्या आतच होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. बेल्टशिवाय मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका.

तिसरं, हल्ली वाढलेलं: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) निव्वळ पेट्रोलच्या मापाचे, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. प्लगचं टोक पांढुरकं दिसलं तर जेटिंग बघून घ्या. शिवाय दुपारी गाडी आचके देत बंद पडते, पंधरा मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, आणि काटा मात्र मधोमध असतो, तर ते पाणी उकळणं नाही. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ धरली आहे. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या, त्यावर उष्णता अडवणारी नळी चढवा. त्यासाठी रेडिएटर बदलून काही होणार नाही.

आता रेडिएटर

मोठा रेडिएटर का लागतो, याचा साधा हिशोब आहे. रेडिएटरची ताकद पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. पाणी ९० अंश धरलं तर ३० अंशांच्या दिवशी फरक ६०चा, नवतप्यात ४६ अंशांच्या दुपारी फरक ४४चा. म्हणजे तोच रेडिएटर पाव हिश्श्याहून जास्त ताकद गमावून बसतो. हिवाळ्यात निभावणारी गाडी मेमध्ये तापते ती यामुळेच, आणि म्हणूनच आपल्याकडे थोडी जास्तीची ताकद असलेली बरी.

जाळी खरंच गेली आहे का, ते रेडिएटर उतरवून पाहता येतं. खालचं तोंड तळहाताने बंद करा, वरून पूर्ण भरा आणि हात एकदम काढा. पाणी धबकन, तोंडभर धारेने पडलं पाहिजे. रडत-रडत आलं तर नळ्या भरल्या आहेत. वरची टाकी उघडून तारेने नळ्या साफ करणारे जुने कारागीर अजून परतवाडा, अकोल्याकडे आहेत. नळ्यांचं पितळ चांगलं असेल तर हे पुरतं.

नवी घ्यायची तर माझं मत तांब्या-पितळेच्या तीन लाइनच्या जाळीला. चौथी लाइन घालून फायदा थोडा, कारण मागच्या ओळीला पुढच्या तीन ओळींनी तापवलेली हवा मिळते आणि जाडीमुळे हवा आत शिरायलाही अडखळते. मंद वेगात तर चार लाइनची जाळी कमजोर पंख्यापुढे तोट्याचीच ठरते. लाइनींच्या संख्येपेक्षा फिनची, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांची, दाटी आणि त्या नळ्यांना नीट झाळल्या आहेत का, हे बघा. सैल फिन बोटाने हलते. जी हलते ती उष्णता नेत नाही.

ॲल्युमिनिअमचा रेडिएटर हलका असतो, थंडही चांगला करतो. पण आपल्या पट्ट्यात मी तो सुचवणार नाही. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनिअमला सुईएवढी भोकं पडतात, आणि वाटेत एकदा जरी बोअरचं पाणी घालावं लागलं तरी त्याची सुरुवात होते. पितळी रेडिएटर गळला तर तालुक्याच्या गावात कथलाचा डाग देऊन तासाभरात गाडी रस्त्यावर येते. ॲल्युमिनिअमला तसा डाग बसत नाही.

रंग देताना पातळ काळा द्या. डेंटरने गाडीबरोबर जाळीवरही दोन हात मारले की फिनमधल्या फटी बुजतात.

हवा बांधणे

इथे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पडतो. पंख्याभोवती पत्र्याचं कव्हर, म्हणजे श्राउड, नसेल तर पंखा आपल्याच कडेने गरम हवा पुन्हा पुढे ढकलत राहतो आणि जाळीच्या कोपऱ्यांतून हवा येतच नाही. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घ्या: जाळीची पूर्ण बाजू झाकणारं, मधे गोल तोंडाचं. पातं आणि तोंड यांत बोटभर फट ठेवा, इंजिन रबरावर हलतं म्हणून. पात्याची निम्मी रुंदी तोंडाच्या आत, निम्मी बाहेर. रेडिएटर आणि पुढच्या पॅनेलमध्ये दोन्ही बाजूंना ज्या फटी असतात, त्या जुन्या ट्यूबच्या रबराने बंद करा, नाहीतर हवा जाळी सोडून बाजूने पळते.

पंखा उलटा बसवलेला नाही ना, तेही बघा. बेल्टवरचा पंखा उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेला ओढतो, फक्त खूप कमी. म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. बेल्ट दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा.

मग कचरा. आपल्या रस्त्यांवर नोव्हेंबरपासून कापसाचे तंतू उडतात, त्याआधी सोयाबीनचं कुटार, नंतर गव्हाचं. ते सगळं जाळीच्या पुढच्या बाजूला चिकटून नमद्यासारखा थर होतो आणि समोरून दिसत नाही, कारण ग्रिल आड येतं. हंगाम संपला की इंजिनाच्या बाजूने पुढे असं, साध्या नळीच्या पाण्याने धुवा. एचटीपीची धार जवळून मारू नका, फिन आडव्या होतात. लग्नाच्या गाडीला बोनेटवर फुलं लावायला माझी ना नाही, पण ग्रिल मोकळी ठेवायला सांगा. नवरदेवाची गाडी ताशी चार किलोमीटरने, ४५ अंशांत, पुढून झाकलेली चालली तर ती तापणारच. दगडासाठी लावलेली बारीक जाळीही बरीच हवा अडवते.

इलेक्ट्रिक पंखा घेणारे पुष्कळ आहेत. कल्पना चांगली, पण आधी चार्जिंग बघा. जुन्या ॲम्बेसेडरला डायनॅमो असतो, तो पूर्ण वेगात २० ते २२ अँपियर देतो आणि मंद रेसवर जवळपास काहीच देत नाही. बारा इंची पंखा एकटा ८ ते १० अँपियर ओढतो. म्हणजे पंख्याची खरी गरज जिथे आहे, वरातीत, मंद रेसवर, तिथे तो निव्वळ बॅटरीवर चालतो आणि संध्याकाळी हेडलाइट लागले की बॅटरी बसते. त्यामुळे आधी अल्टरनेटर, मग पंखा. वायरिंगमध्ये रिले आणि वेगळा फ्यूज हवाच. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) आहे का, ते तपासून घ्या. काही जुन्या गाड्या तशा आहेत. तिथे तारा उलट जोडल्या की पंखा हवा उलटी फेकतो आणि अल्टरनेटर जळतो. पंखा जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून बांधू नका, कंपनाने नळ्या कापल्या जातात. पट्ट्यांची चौकट करून रेडिएटरच्या बाजूंना बसवा.

थर्मोस्टॅट, टोपी, कूलंट

"वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला सगळीकडे मिळतो. थर्मोस्टॅट ठेवा. तो ७४ किंवा ८२ अंशांना उघडतो, म्हणजे गाडी उकळायच्या खूप आधी पूर्ण मोकळा झालेला असतो. हिवाळ्यात तो नसेल तर इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, तेलात पाणी धरतं. शंका असेल तर पातेल्यात पाण्यात टाकून तापवा, डोळ्यांदेखत उघडला तर चांगला. उघडला नाही तर नवा आणा.

टोपीवर दाबाचा आकडा असतो. दर एक पौंडाला पाणी उकळण्याचं तापमान साधारण दीड अंशाने वर जातं, म्हणजे ७ पौंडाची टोपी दहाएक अंशांची सवलत देते. पण टोपीचं रबर कडक झालं असेल तर ही सवलत शून्य. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच घ्या. नव्या गाडीची १३-१५ पौंडाची टोपी जुन्या रेडिएटरवर बसवली तर जोड फाटतात. टोपीची खोली पण जुळली पाहिजे. उथळ टोपी खोल गळ्यावर बसते, फिरते, घट्टही होते, पण आतलं रबर टेकत नाही आणि दाब धरतच नाही. नवी नेताना जुनी सोबत न्या. ओव्हरफ्लोच्या नळीला बाटली आणि परत ओढून घेणारी टोपी लावली तर रोजची भर घालणं जवळपास थांबतं, आणि भर थांबली की क्षार येणंही थांबतं.

पाणी कोणतं घालायचं? बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड सगळ्यात चांगलं. गावच्या आरओ प्लांटचं पाणी टीडीएस मीटरवर १००च्या खाली असेल तर चालतं. स्वच्छ पत्र्यावरून, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर धरलेलं पावसाचं पाणीही उत्तम. एक कॅन भरून डिकीत कायम ठेवा, म्हणजे वाटेत बोअर शोधावी लागत नाही.

निव्वळ पाणी मात्र ठेवू नका, ते गंजवतं. दोन भाग पाणी, एक भाग कूलंट हे आपल्याला योग्य. निम्मं-निम्मं करू नका. आपल्याकडे पाणी गोठत नाही, आणि निम्म्या मिश्रणात उष्णता वाहून न्यायची ताकद साध्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी असते. बाटलीवर आयएस ५७५९ बघा. कथलाच्या जोडांच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं, दर दोन वर्षांनी बदलायचं कूलंट घ्या, "पाच वर्षं चालतं" असं लिहिलेलं नको. रंगावरून ठरवू नका, रंग कोणीही कोणताही घालतं. काढलेलं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-वासरं चाटतात. डब्यात बंद करून मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि मोठ्या गॅरेजात जुन्या ऑइलसोबत द्या.

चाचणी

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा, टोपी न लावता इंजिन गरम करा आणि हवा निघू द्या. पहिल्या दिवशी गावातच चालवा, थंड झाल्यावर पातळी बघा.

मग चिखलदऱ्याला न्या. परतवाड्याहून धामणगाव गढी सोडली की चढ लागतो आणि तो दोष लपू देत नाही: मंद वेग, दुसरा-तिसरा गिअर, भरपूर जोर. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे टोपी दाब धरते की नाही तेही कळतं. सकाळी नाही, दुपारी जा. अर्ध्या घाटात सुरक्षित जागी थांबून इंजिन चालू ठेवा आणि काळ्या टेपवर गन धरा. वरची टाकी ९५च्या आत आणि खालची तिच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी कमी असेल तर काम झालं. ९५च्या वर चढत असेल आणि दोन टाक्यांतला फरक तेवढाच असेल तर श्राउड आणि बेल्टकडे परत जा. फरक वाढला असेल तर पायमोजा काढून बघा, बहुतेक वेळा तोच भरलेला असतो.